बिडव्यांचा जबाब

नागनाथ बिडवे आमच्या वर्तमानपत्राच्या पिंपरीतल्या कार्यालयात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांच्या हातात भाजीची वाटावी अशी कापडी पिशवी होती आणि पिशवीत सात-आठ किलोचं लोखंड होतं. आदल्या दिवशी आम्ही छापलं होतं, की भोसरीतल्या एका कारखान्यात बॉयलरचा स्फोट झाला, सुदैवाने कोणी जखमी नाही. बातमी मी लिहिली होती. बिडव्यांनी माझं नाव विचारलं, पिशवीतली वस्तू माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "स्फोट झाला न्हाई. हा उडाला. हा उडाला म्हणून स्फोट झाला न्हाई."

ती वस्तू म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. बिडवे त्याला नुसतं 'वाल' म्हणत. पुढची वीस मिनिटं त्यांनी उभ्यानेच तो मला समजावून दिला. खाली तोंड, तोंडावर चकती, चकतीवर दणकट स्प्रिंग. बॉयलरमधली वाफ चकतीला खालून ढकलते, स्प्रिंग वरून दाबते. ठरलेल्या दाबाला वाफेचा जोर स्प्रिंगपेक्षा वरचढ होतो, चकती उचलली जाते आणि जास्तीची वाफ बाहेर पडते. आधी वाफेला चकतीचा मधला भागच मिळालेला असतो. चकती जराशी उचलली की कडेचा भागही मिळतो. म्हणून ती हळूहळू उघडत नाही, एका झटक्यात उघडते. तोच तो आवाज, जो ऐकून भोसरीतले कामगार रस्त्यावर पळाले होते. पाण्याच्या किंवा तेलाच्या लाइनवरचा रिलीफ व्हॉल्व्ह असा नसतो, तो दाब चढेल तसा थोडाथोडा उघडतो. दाब ठरलेल्या आकड्याच्या जरा खाली आला की स्प्रिंग चकतीला परत बसवते. याला वीज लागत नाही, माणूस लागत नाही.

"सगळं बंद पडल्यावर जो चालतो तो हा," बिडवे म्हणाले. "आन तुमी त्यालाच स्फोट म्हणायले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ओळींची दुरुस्ती छापली. त्यानंतर दहाएक वर्षं आमची ओळख राहिली. शेवटी एका अपघाताच्या चौकशीत बिडव्यांनी दीड पानाचा जबाब दिला. त्यातल्या चार ओळी त्यांच्याकडे कुणी मागितल्या नव्हत्या. त्या लिहिल्या नसत्या तर त्यांचं दुकान आजही त्यांच्या नावावर असतं, आणि भाजलेल्या एका बाईच्या नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द कागदावर कायम राहिला असता.

बिडवे लातूर जिल्ह्यातल्या औशाकडचे. आयटीआय करून पिंपरीत आले, एका मोठ्या कंपनीच्या बॉयलर विभागात बरीच वर्षं काढली, तो विभाग कंत्राटावर गेल्यावर बाहेर पडले. बायकोचा धाकटा भाऊ किसन याच्यासोबत त्यांनी भोसरीत एका गल्लीत दुकान काढलं. कारखान्यांनी सेफ्टी व्हॉल्व्ह वर्षाला एकदा तपासून घ्यायचे असतात. ते खोलायचे, घासायचे, ठरलेल्या दाबाला उघडतात की नाही ते दुकानातल्या चाचणीच्या बेंचवर पाहायचं, मग तारेत शिशाची गोळी ओवून चिमट्याने दाबायची, की पुन्हा कुणी स्प्रिंगचा स्क्रू फिरवू नये. ही गोळी म्हणजे सील. तिच्यावर 'ना. बि.' अशी अक्षरं उमटत. किसन गिऱ्हाइकं बघायचा, बिडवे व्हॉल्व्ह.

उंची बेताची, शर्टाची बाही मनगटापर्यंत बंद, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. गळती तपासताना ते व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडाला बारीक नळी जोडत आणि नळीचं टोक पाण्याने भरलेल्या चहाच्या ग्लासात बुडवत. मग मिनिटभर बुडबुडे मोजत. मोजताना डाव्या हाताचं एक बोट वर असायचं. बोट वर असेपर्यंत दुकानात कुणी बोलायचं नाही. एकदा किसनच्या फोनवर मोठी ऑर्डर येत होती, तरी बोट खाली आलं नाही. किसन फोन घेऊन रस्त्यावर गेला.

बेंचवर तपासलेला व्हॉल्व्ह ते कुरिअरने पाठवत नसत. स्वतः जाऊन बसवून येत. "बेंचवरचा वाल म्हंजे अर्धा वाल," असं त्यांचं म्हणणं होतं. उरलेला अर्धा म्हणजे तो कुठे बसलाय, त्याच्याखाली कुणी भलताच कॉक तर लावला नाही ना, आणि त्यातून सुटलेली वाफ कुठे जाते. वाफ छपराच्या वर नेऊन सोडणारा पाइप असावा लागतो. हे सगळं पाहिल्याशिवाय ते सील लावत नसत.

राहायला ते संत तुकाराम नगरात, दोन खोल्यांत. त्या इमारतीतले कुकर बिडव्यांनी तपासलेले असत, कुणी सांगितलेलं नसताना. एका घरात कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी प्लग वितळल्यावर घरधन्याने तिथे बोल्ट आवळला होता. बिडव्यांनी ते झाकण उचलून घरी नेलं आणि नवा प्लग आणेपर्यंत परत दिलं नाही. त्या घरात दोन दिवस भात पातेल्यात झाला. आम्ही एकदा बिडव्यांकडे गेलो होतो, तेव्हा ती बाई जिन्यात माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, कुणाला शेजारी पोलीस मिळतो, आम्हाला हे मिळाले."

बिडवे चिडलेले कुणी पाहिले नव्हते. दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर फिटर लोक त्यांना चिडवायचे. "काका, तुमचा वॉल जाम झालाय बघा. इतकी वर्षं झाली, एकदा तरी उडा की."

"मला सेट कुणी केलंय आजून," बिडवे म्हणायचे आणि चहा संपवायचे.

एका कंपनीच्या खरेदी विभागाने एकदा चौदा व्हॉल्व्हच्या नावपट्ट्यांचे फोटो फोनवर पाठवले आणि तेवढ्यावर चौदा सर्टिफिकिटं मागितली. व्हॉल्व्ह काढायला लाइन बंद करावी लागली असती, तेवढी सवड नव्हती. ही पद्धत या पट्ट्यात नवी नाही. किसनने हो म्हटलं होतं. बिडव्यांनी चौदा फॉर्म नीट भरले. अनुक्रमांक, आकार, ठरलेला दाब. शेवटचा रकाना 'प्रत्यक्ष किती दाबाला उघडला' असा असतो. तिथे चौदाही फॉर्मवर त्यांनी लिहिलं, 'फोटो उघडत नाही.' फॉर्म कंपनीत पोचले. ती कंपनी पुन्हा आली नाही. किसन दोन दिवस त्यांच्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी टपरीवर त्यानेच ही गोष्ट हसून सगळ्यांना सांगितली.

दुसरी गोष्टही किसनकडूनच कळली. त्याच्या मुलीचा साखरपुडा होता. बिडवे सकाळी चाकणच्या एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत व्हॉल्व्ह बसवायला गेले, अकरापर्यंत येतो म्हणाले. तिथे शेजारच्या चालू बॉयलरकडे त्यांचं लक्ष गेलं. त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर गॅग होती. गॅग म्हणजे लोखंडी पकड. वर्षाच्या तपासणीत बॉयलर पाण्याने भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात, तेवढ्यापुरता व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून ती आवळतात. तपासणी झाली की काढायची असते. इथे ती महिनाभर तशीच होती. ऑपरेटर म्हणाला, "विसरलो नाही काका. सारखा उडायचा, प्रॉडक्शन थांबायचं, म्हणून साहेबांनी ठेवा म्हटलं."

बिडवे बॉयलरसमोर एक रिकामा ड्रम उपडा करून त्यावर बसले. आग बंद करा आणि पकड काढा, एवढंच म्हणत राहिले. सिक्युरिटीला बोलावलं, तरी उठले नाहीत. साहेब दुपारी आले तेव्हा पकड निघाली. साखरपुड्याला ते पोचले तेव्हा पंगती उठल्या होत्या.

"दाजी, पोरीनं तुमची वाट बघितली हो," किसन म्हणाला होता.

"हिते किती माणसं हायती?" बिडव्यांनी मांडवाकडे बघत विचारलं.

"दोनशे असतील."

"तिथं एका शिफ्टला एवढीच व्हती."

बिडवे थांबत असत, हे या गोष्टीवरून सगळ्यांना माहीत होतं.

महाळुंग्याच्या बाजूला एक कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते. पुठ्ठ्याच्या आतल्या कागदाला नागमोडी वळ्या पाडायला वाफ लागते. तिथल्या बॉयलरचे दोन्ही सेफ्टी व्हॉल्व्ह बिडव्यांकडे होते. त्या वर्षी ते बसवायला गेले, तेव्हा बॉयलरच्या बाजूला नवी शेड उभी राहत होती. शेडच्या पत्र्याला अडतो म्हणून एका व्हॉल्व्हचा वर जाणारा पाइप कापलेला होता. राहिलं होतं फक्त वळणाचं एक एल्बो, आणि त्याचं तोंड शेडमधल्या वाटेकडे होतं. बिडव्यांनी ते पाहिलं. सुपरवायझरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. रविवारी फॅब्रिकेटर येतोय, बसवतो." बिडव्यांनी दोन्ही व्हॉल्व्ह बसवले, सील लावलं आणि ते निघाले.

फॅब्रिकेटर त्या रविवारी आला नाही, पुढच्याही नाही. अडीच महिन्यांनी एका दुपारी पुठ्ठ्याचं मशीन अचानक बंद पडलं. वाफ खेचणारं कुणी उरलं नाही, आग चालूच होती, दाब चढला आणि ठरलेल्या आकड्याला तो व्हॉल्व्ह उघडला. वाफ वर गेली नाही, वाटेवर आली. सुनीता जाधव ही कंत्राटी कामगार वाटेवर पडलेली पुठ्ठ्याची कातरणं गोळा करत होती. तिची मान, डावा खांदा आणि डावा हात भाजला.

मी बिडव्यांना फोन केला. व्हॉल्व्ह त्यांचा आहे हे मला माहीत नव्हतं, वाफेचं तेवढं विचारायचं होतं. कंपनी कुठली ते आणि एक बाई भाजल्याचं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बाई हाय का?"

"आहे. हाताला जास्त लागलंय."

"वाल बरोबर उडाला," ते म्हणाले. "मला कळालं. बरोबरच उडाला असंल."

चार दिवसांनी मी रुग्णालयात गेलो तेव्हा ते फाटकापाशी उभे होते. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्याबरोबर आत आले. सुनीता हिंगोलीकडची, नवरा एका वर्कशॉपमध्ये हेल्पर. तो कामावर होता, सासू जवळ बसली होती.

"तुमी कंपनीतले का?" सुनीताने बिडव्यांना विचारलं.

"न्हाई. ज्यातून वाफ आली तो वाल मी बसवला."

"बिघडला व्हता का ओ?" सासू म्हणाली.

"न्हाई माय. बरोबर चालला."

"बरोबर चालला," सासू म्हणाली आणि सुनेच्या हाताकडे पाहत राहिली.

"वाफ वर जायला पाइप पायजे व्हता. तो न्हवता."

"तुमाला ठाऊक व्हतं?" सुनीताने विचारलं.

"व्हय."

"मंग मला कामून न्हाई सांगितलं कुणी? मी लांबून गेले असते."

तिच्या आवाजात राग नव्हता. बिडव्यांनी आणलेली केळी खिडकीत ठेवली. बाहेर आल्यावर मी विचारलं, की चाकणला तुम्ही तीन तास बसलात, मग इथे का थांबला नाहीत. ते जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उभे राहिले. दुसरं काही कारण सापडतंय का ते शोधत असावेत.

"भूक लागली व्हती," ते म्हणाले. "डबा दुकानात राहिलता. त्या सुपरवायझर पोराच्या तोंडावर खरं वाटलं. दुसरं काई न्हवतं."

त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस भोसरीच्या दुकानात येऊन गेला. चौकशी सुरू झाली होती. कंपनीच्या प्राथमिक टिपणात लिहिलं होतं, की व्हॉल्व्ह सुस्थितीत होता, सील शाबूत होतं आणि 'सदर महिला वाफेच्या मार्गात निष्काळजीपणे उभी होती.' बिडव्यांकडून त्यांना एक पत्र हवं होतं. व्हॉल्व्ह तपासलेला होता, ठरलेल्या दाबाला उघडला, एवढंच. मजकूर टाइप करून आणला होता, सहीची जागा मोकळी होती. मी गेलो तेव्हा तो कागद बेंचवर होता आणि किसन बोलत होता.

"दाजी, तुमाला पाइपाचं कुणी विचारलंय का?"

"न्हाई."

"वालचं विचारलंय. वालचं द्या. ह्यात एक तरी वळ खोटी हाय का?"

"एकबी न्हाई."

"मंग करा की सही."

"वळी समद्या खऱ्या हायत. पण वाचल्यावर वाटतंय, त्या बाईचंच चुकलं."

"तुमी सुपरवायझरला सांगितलं व्हतं का न्हाई? मंग तुमचं काम तिथं संपलं."

"सांगलो. आन सील लावलो," बिडवे म्हणाले. "सील लावलं म्हंजे काय सांगितलं किसन? चालू करा म्हणून सांगितलं. तोंडानं एक सांगलो, हातानं दुसरं."

किसनने माझ्याकडे पाहिलं. त्याने पुन्हा सुरुवात केली, या वेळी हळू आवाजात. दुकानात चार माणसं कामाला आहेत, महाळुंगे ते तळेगाव सगळ्या कंपन्यांचे साहेब एकमेकांना ओळखतात, असलं लिहून देणाऱ्या माणसाला आपल्या बॉयलर हाउसमध्ये कोण घेईल. तो बोलला त्यातलं काहीही चूक नव्हतं. बिडव्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. कागदाची घडी करून खिशात ठेवली, सही केली नाही.

चौकशी अधिकाऱ्यांपुढे त्यांनी स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. त्याची प्रत मी पाहिली आहे. पहिलं पान व्हॉल्व्हविषयी आहे. आकार, दाब, तपासणीची तारीख, मिनिटाला बुडबुडे शून्य. दुसऱ्या पानावर या चार ओळी आहेत: 'पाइप नाही हे मी पाहिले होते. रविवारी बसवतो या तोंडी शब्दावर मी सील लावले व निघून आलो. पाइप नसताना सील लावायला नको होते. वाफ वाटेवर येईल हे त्या बाईंना कळण्याचा काही मार्ग नव्हता.'

सुपरवायझरने आपल्या जबाबात लिहिलं, की पाइपाबद्दल त्याला कुणी काही बोललं नव्हतं.

अहवाल काही महिन्यांनी आला. त्यात सुनीताविषयीचं वाक्य नव्हतं. वाट बंद करायला हवी होती, पाइप कापायला नको होता, असं लिहिलं होतं. व्यवस्थापन, पर्यवेक्षण, कंत्राटदार असे शब्द जागोजागी होते. दोषाच्या रकान्यात माणसाचं नाव एकच होतं, नागनाथ बिडवे, ज्यांनी 'त्रुटी निदर्शनास येऊनही सील केले.' मी बातमी दिली. डेस्कवर तिला मथळा लागला, 'व्हॉल्व्हमधील त्रुटीमुळे महिला भाजली.' त्रुटी व्हॉल्व्हमध्ये नव्हती. मी दुसऱ्या दिवशी दिवसभर बिडव्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत, फोनही आला नाही. दुरुस्ती मी सुचवली. मथळ्याने अर्थ फारसा बदलत नाही, असं मला सांगण्यात आलं.

गिऱ्हाइकं भांडून गेली नाहीत. फोनवर म्हणत, "काका, यंदा दुसरीकडे दिलंय," किंवा "शटडाउन पुढे गेलाय." एकाने किसनला स्पष्ट सांगितलं, की तुमचे दाजी माणूस चांगला आहे, पण ते येतात, बघतात आणि उद्या लिहून देतात. वर्षभरात बेंच आठवड्यातून दोनच दिवस चालू लागलं. किसनने दुकान स्वतःच्या नावावर केलं, पाटी बदलली, सर्टिफिकिटांवर सही करायला एक इंजिनिअर ठेवला. नवीन सीलवर किसनची अक्षरं आली. कामं हळूहळू परतली. नव्या व्यवस्थेची एक अट कुणी कागदावर लिहिली नव्हती, पण सगळ्यांना माहीत होती. बिडवे कंपन्यांमध्ये जाणार नाहीत.

सुनीताच्या डाव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नाहीत. तिला कंत्राटदाराने परत घेतलं नाही, ते कुटुंब गावाकडे गेलं. बिडव्यांनी एकदा माझ्याकडे तिचा पत्ता मागितला. माझ्याकडे नव्हता.

गेल्या महिन्यात मी भोसरीत दुसऱ्या कामाला गेलो होतो, म्हणून दुकानात डोकावलो. किसन बाहेरगावी होता. बिडवे आतल्या अंगाला खाली बसून चकती घासत होते. सपाट लोखंडी पाटावर काळी पेस्ट, तिच्यावर चकती आणि हात आठाच्या आकड्यासारखा फिरतोय. सील लावायचा चिमटा इंजिनिअरच्या खणात होता. आमचं फार बोलणं झालं नाही. मी तब्येत विचारली. "चाललंय," ते म्हणाले.

तेवढ्यात पार्सलचा टेम्पो आला. चाकणच्या कुठल्याशा कंपनीचे तीन व्हॉल्व्ह सील होऊन खोक्यांत तयार होते. बिडवे उठले, हात पुसत टेम्पोपाशी गेले.

"कुठं बसणार हायत हे?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"गेटवर द्यायचेत."

"गेटवर न्हाई. आत. बॉयलरवर बसणार का लाइनवर? वर पाइप हाय का तिथं?"

"काका, मी पार्सलवाला हाये," ड्रायव्हर म्हणाला. "मला गेटच्या आत कोण सोडतंय?"

बिडव्यांनी मान हलवली. शर्टाच्या खिशातून मार्करचं पेन काढलं आणि तिन्ही खोक्यांच्या वरच्या बाजूला मधोमध मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधी पाइप बघा.' प्रत्येक खोक्यावर लिहून झाल्यावर ते एक पाऊल मागे येऊन वाचत होते. मग ते आत गेले आणि पुन्हा खाली बसले.

ड्रायव्हरने इंजिनिअरकडून पत्त्याची लेबलं घेतली. लेबल खोक्याच्या वरच्या बाजूला मधोमध लावायचं असतं. त्याने तिन्ही लेबलं लावली, तळव्याने घासून चिकटवली आणि टेम्पोचा फाळका वर केला.